आवाज न करता

तिसऱ्या चित्राला मला माझे ओठ हलताना दिसले. बाबांना त्या सकाळी खुर्चीत बसवलं होतं. त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक टीव्ही टांगलेला होता, मान खाली घातल्यासारखा, आम्ही या खोलीत आल्यापासून एकदाही न लावलेला. त्याच्या काळ्या काचेत सगळी खोली उतरली होती: पलंगाच्या कडेवर बसलेल्या स्पीच थेरपिस्टचं खाली झुकलेलं डोकं, तिच्या मांडीवरचा चित्रांचा गठ्ठा, आणि तिच्या मागे सलाइनच्या रिकाम्या स्टँडला धरून उभी असलेली, केस पिकायला लागलेली एक बाई. थेरपिस्टने चित्र उचललं. 'काका, हे काय?' काचेतल्या बाईने ओठांचा चंबू केला, क्षणभर तसाच ठेवला आणि मग ओठ मिटले. 'कुलूप,' बाबा म्हणाले. जरा घोगरं, पण कुलूपच. 'वा, काका!' थेरपिस्ट म्हणाली. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून निघालेला हा तिसरा शब्द, आणि तिन्ही शब्द मी दिलेले होते.

चौथ्या चित्राला मी ओठ दातांत धरले. कंगवा होता. बाबा चित्राकडे बघत राहिले. त्यांच्या तोंडाचा उजवा कोपरा तसाही खाली ओघळलेला होता, आता डावाही ओघळला. मग त्यांनी नजर उचलली आणि थेरपिस्टच्या कानाजवळून माझ्याकडे पाहिलं. ही नजर मला लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त ती बाबांच्या डोळ्यांत कधी पाहिली नव्हती. बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते, अडलेल्या नटाला शब्द देणारे. सगळा जन्म त्यांनी विंगेत, स्टुलावर, मांडीवर नाटकाची वही आणि निळा कागद लावलेला एवढासा दिवा घेऊन काढला. शाळेला सुट्टी असली की त्यांच्या पायाशी घडी घातलेल्या जुन्या पडद्यावर मी बसत असे. अडलेला नट मान वळवत नाही, चेहरा बदलत नाही, फक्त त्याचे डोळे असे विंगेकडे सरकतात, आणि त्या डोळ्यांत त्या वेळी दुसरं काहीही नसतं. ना भूमिका, ना बायकोमुलं. त्या डोळ्यांना नाही म्हणता येत नाही. मी कंगवा म्हटलं, ओठांनी. बाबा म्हणाले, 'कंगवा.' मग गठ्ठा संपेपर्यंत मी थांबले नाही. छत्री, चमचा, पणती विझावी तसा हळूहळू मालवत गेलेला माझा संकोच, घड्याळ, चप्पल. काचेत बघायचं मी सोडून दिलं.

'खरं सांगू का ताई,' थेरपिस्ट चित्रं गोळा करत म्हणाली, 'फाइल वाचून मी घाबरले होते. त्यात तर लिहिलंय, बोलणं शून्य. आणि काका तर सगळं सांगतायत.' तिचा चेहरा खरोखर उजळला होता. ती शहराबाहेरच्या पुनर्वसन केंद्रातून आली होती. आमच्या डॉक्टरांनीच तिला बोलावलं होतं, कारण बाबांना आज इथून हलवायचं होतं आणि कुठे हलवायचं ते ठरत नव्हतं. केंद्रात एक खाट रिकामी होती. तिथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसाला बोलायला, गिळायला, चालायला शिकवतात, आणि घरच्यांना फक्त रविवारी येऊ देतात. दुसरी जागा म्हणजे माझ्या घरामागच्या गल्लीतलं नर्सिंग होम. तिथे शिकवत काही नाहीत. अंग पुसतात, कूस बदलतात, वेळेवर भरवतात, आणि मला वाटलं तर मी दिवसभर उशाशी बसू शकते. 'आमची खाट खरं तर ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी,' ती म्हणाली. 'काकांना तुम्ही जवळच ठेवा. गप्पा मारा त्यांच्याशी. वरच्या मजल्यावर माझे अजून एक पेशंट आहेत, ते बघते आणि केंद्राला कळवून टाकते.' ती गेली. दार स्वतःहून, हळू, अंग चोरत बंद झालं. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी डावा डोळा मिचकावला.

मला आनंद झाला होता. हे लिहायला सोपं जात नाही, पण झाला होता. आई गेल्या हिवाळ्यात गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी ग्रंथालयातल्या कामावरून आल्यावर बाबा चहा टाकायचे, आणि आम्ही आईबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलायचो. त्या घराचं रात्रीचं कुलूप मला एकटीला लावायचं नव्हतं. रविवारी भेटायला जाणारी मुलगी मला व्हायचं नव्हतं. गल्लीतलं नर्सिंग होम माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. तिथले पडदे मी कालच मोजल्यासारखे पाहून ठेवले होते, कुठल्या मागे बाबा असतील ते. दादाला फोन केला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि काळजी मोठ्या आवाजात करतो. 'म्हणजे सुटलो!' तो म्हणाला. 'झकास. तू आहेस, घर मागेच आहे. तिकडे त्या केंद्रात म्हणे आठवड्यातनं एकदा भेटायचं. माणूस काय आत टाकलाय का?'

'दादा, त्यांनी स्वतः नाही सांगितली नावं.'

'म्हणजे?'

'मी दिली. मागे उभी राहून.'

तो हसायला लागला. दादाला सांगावं लागत नाही, तोही त्याच घरातला. आमच्या घरात पाहुण्यांदेखत, कुणाच्या काही लक्षात न येता, सगळे एकमेकांशी बोलत असू. दूध संपलंय. हा उठणार कधी. तुझ्या शर्टाचं बटण. बाबांनी आम्हाला चालायच्या आधी ते शिकवलं असावं: गळा बंद, ओठ उघडे, आणि फक्त पहिला शब्द, वाक्य द्यायचं नाही, वाक्य त्याचं त्याला सापडतं. पहिल्या रांगेला आपला आवाज गेला की समजायचं, घरी बसायची वेळ झाली, असं ते म्हणत. 'घराण्याची विद्या,' दादा म्हणाला. 'अगं मग बिघडलं काय? बाबांनी जन्मभर हेच केलं. टाळ्या नटांना पडल्या म्हणून कुणी फसवलं म्हणतं का?'

'तिथे तो नट आधी पाठ करून आलेला असायचा.'

'तू ना, पुस्तकं जरा कमी वाच. बोलले ना ते? त्यांच्याच तोंडून आलं ना? मग झालं. त्यांना बरं वाटलं, तुला बरं वाटलं. आता उगाच उकरू नकोस.'

खरंच पुस्तकं मी बरीच वाचली होती. झटका आल्यापासून मेंदू, वाणी, स्मृती अशा विषयांवरचं ग्रंथालयात होतं ते सगळं घरी नेलं होतं आणि माझ्याच नावावर नोंदवलं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला बोटाच्या पेराएवढी जागा असते, तिथे रक्त पोचलं नाही की माणसाला वस्तू कळते, तिचं नाव मिळत नाही. हे मला आकृतीसकट पाठ होतं. पण बाबा खुर्चीत बसून माझ्या ओठांकडे बघत होते तेव्हा त्यातलं एकही पान उपयोगाला आलं नाही. फोन ठेवल्यावरही ते तसेच बघत होते. काहीतरी हवं होतं त्यांना. डावा हात खुर्चीच्या दांड्यावर वळवळला. 'काय हवंय, बाबा?' मी विचारलं आणि ठरवून तोंडावर हात धरला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, जसं बंद झालेल्या खिडकीकडे पाहावं. मग त्यांचे ओठ जुळले, सुटले, परत जुळले. एक फुंकर निघाली. मान हलवून त्यांनी ती खोडली. पुन्हा प्रयत्न. त्यांच्या कपाळावरची शीर उभी राहिली, दांड्यावर त्यांनी हात आपटला, एकदा, मग जोरात. मला ते बघवेना. मी हात काढला आणि जे मला सुचलं ते दिलं. 'पाणी,' बाबा लगेच म्हणाले, सुटल्यासारखं. मी पेला भरला, नळी त्यांच्या ओठांना लावली. त्यांनी तोंड फिरवलं. मी परत लावली. डाव्या हाताने त्यांनी पेला असा लोटला की अर्धं पाणी माझ्या बाहीवर आलं.

पाणी नको होतं. पाणी म्हणाले आणि पाणी नको होतं. ओल्या बाहीने मी तशीच उभी राहिले. माझ्या ओठांवर मी काहीही ठेवलं असतं तर ते त्यांनी म्हटलं असतं. मी घरी म्हटलं असतं तर घरी. नर्सिंग होम म्हटलं असतं, तर आजपासून मरेपर्यंत दर सकाळी त्यांनी ते हसून म्हटलं असतं, आणि मी लोकांना सांगितलं असतं की बाबांनाच इथे राहायचंय, विचारा हवं तर. जे त्यांना खरोखर हवं होतं ते मघाशी त्या जुळलेल्या ओठांच्या मागे होतं आणि माझ्या शब्दाने त्याच्यावर झाकण बसलं होतं. हे मी याआधी पाहिलं होतं. अशाच खोलीत, याहून अरुंद, आई उशीला टेकून बसली होती. आई पोस्टाच्या खिडकीवर नोकरीला होती आणि सावकाश बोलायची. वाक्याच्या मध्ये ती थांबायची, जणू मागच्या कप्प्यातून काहीतरी काढून आणतेय. बाबांना ते सहन व्हायचं नाही. ती थांबली की ते शब्द द्यायचे. रंगमंचावर कुठलं थांबणं अभिनयाचं आणि कुठलं विसरल्याचं हे श्वासावरून ओळखणारा माणूस, पण घरात मात्र त्यांना सगळं थांबणं सारखंच वाटायचं. 'मी थांबले होते,' आई म्हणायची, 'अडले नव्हते.' आम्ही हसायचो. तीही हसायची. आणि वाक्य बाबांनी नेलं तिकडे जाऊ द्यायची. त्या खोलीत, शेवटच्या आठवड्यात, तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'मला आता...' आणि थांबली. बाबा पलीकडे होते. 'घरी जायचंय,' ते म्हणाले. 'घरी जायचंय तिला.' आईने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डोळे मिटले. आम्ही तिला घरी आणलं. औषधाच्या नळ्या काढल्या. ती आमच्या मधल्या खोलीत गेली, सगळे म्हणाले तसं, शांतपणे.

ते खरंही असेल. घरीच जायचं असेल तिला. पण मला आता झोप येते, असंही असेल. मला आता भीती वाटते. मला आता काही सांगायचंय, यांना जरा बाहेर पाठव. त्या दोन शब्दांपुढे काय होतं ते कुणालाच कळणार नाही, आणि बाबांना ते मी कधी विचारलं नाही. संध्याकाळच्या चहाला आम्ही आईबद्दल बोलत नव्हतो ते यामुळे. त्यांना दुःख होईल म्हणून मी गप्प आहे, असं ते समजत असावेत. मी रागावलेली होते. आणि त्याच रागावलेल्या बाईने आज एक अख्खा गठ्ठा भरून शब्द त्यांच्या तोंडात घातले होते, आणि डोळा मिचकावला म्हणून हरखली होती. बाबांनी मला बोलावल्यासारखा आवाज केला. मी मागे न बघता बाहेर पडले, कारण बघितलं असतं तर राहिले असते. लिफ्ट खालीच अडकली होती. मी जिन्याने वर गेले. वरच्या मजल्यावर कुठली खोली ते ठाऊक नव्हतं. प्रत्येक दाराच्या काचेतून मी आत डोकावत गेले, आणि प्रत्येक खोलीतला माणूस दाराकडे आशेने बघायचा. थेरपिस्ट कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीशी उभी होती. बॅग खांद्याला लावलेली. फोन नुकताच ठेवत होती.

'कळवलंत का?' मी विचारलं.

'हे काय आत्ताच. का? काही झालं का काकांना?'

मी सांगितलं. फार लांबवलं नाही. ती ऐकत असताना तिचा चेहरा विझत गेला आणि मग त्यावर थकवा आला. ती तरुण होती, मला पहिल्यांदाच जाणवलं किती. 'म्हणजे मी जे बघितलं ते तुम्ही होतात,' ती म्हणाली.

'हो.'

'सगळी नावं?'

'सगळी.'

'ताई, असं का करता तुम्ही लोक?' तिचा आवाज चढला नाही, पण पुढच्या खोलीतल्या नर्सने मान बाहेर काढली. 'कुणी कानात सांगतं, कुणी हात दाबतं. पण हे असं, माझ्या पाठीमागे, एवढं सफाईने... मला शंकासुद्धा आली नाही.' प्रॉम्प्टरला याहून मोठी दाद मिळत नाही, असा एक भलताच विचार मनात येऊन गेला, आणि तो मी कुणाला सांगू शकणार नव्हते, ज्याला सांगावा तो खाली खुर्चीत बसला होता. तिने परत फोन लावला, कुणाला तरी म्हणाली, 'अहो, थांबा जरा, ती खाट देऊ नका. हो. मी परत बघतेय,' आणि फोन बॅगेत टाकला. 'पुन्हा घेते मी. तुम्ही बाहेर बसायचं. आणि आधीच सांगते, आम्ही ज्यांना येत नाही त्यांना घेतो, पण ज्यांच्यात धडपड दिसते त्यांनाच. काका चित्र बघून नुसते बसून राहिले तर मला नाही म्हणावं लागेल. मग तुमचं ते गल्लीतलंच.'

'आणि घेतलंत तर?'

'तर पहिला महिनाभर तुम्ही रविवारीसुद्धा यायचं नाही.' तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. 'तुम्ही तर नाहीच.'

खोलीबाहेर एक बाक होता, फरशीत पक्का केलेला. मी दाराकडे पाठ करून बसले. दाराला वर उभी, वीतभर रुंद काच होती; मी त्यातून बघितलं की बाबांना मी दिसणार, आणि मी दिसले की माझे ओठ दिसणार. आतून तिचा आवाज आला, 'काका, आपण परत एकदा करू या.' मग काही नाही. रंगमंचावरची शांतता मी पायाशी बसून शिकले होते. श्वास धरलेला असेल तर हात लावायचा नाही, तो नट तिथे आहे; श्वास पुन्हा घेतला तर तो बुडतोय, तेव्हा शब्द द्यायचा. पण त्याला श्वास दिसावा लागतो. इथे मला फक्त दार होतं. सफाईच्या मावशी फरशी पुसत आल्या. 'ताई, पाय.' मी पाय उचलले. त्यांनी पुसणं भिंतीला टेकवलं, कमरेवर हात ठेवला आणि काचेतून आत पाहिलं.

'वडील?'

'हो.'

'मग बघत का नाही? बघायला काय लागतं?'

'मी बघितलं की ते माझ्याकडे बघतात.'

मावशींना हे कारण काही पटलं नाही. 'बाई चित्र दाखवतेय,' त्या मला सांगू लागल्या, मी विचारलं नसताना. 'तुमचे वडील गप आहेत.' थोड्या वेळाने, 'अजून गप.' मग माझ्याकडे बघून, 'तुम्ही काय पुटपुटताय? देवाचं नाव घेताय का?'

'नाही.'

'घ्या मग.'

मी ओठांवर मूठ दाबली. आत खुर्ची करकरली. बाबा इकडेतिकडे बघत असणार, मी उभी होते त्या जागी, स्टँडपाशी, आणि तिथे कुणी नसणार. झटक्यानंतर मी त्यांना एवढं एकटं कधीच टाकलं नव्हतं. आता उठावं, दार ढकलावं, पुरे झालं म्हणावं, गल्लीतल्या पडद्यामागे न्यावं त्यांना आणि उशाशी बसून रोज चमचा म्हणावं, छत्री म्हणावं, दोघांनी सुखाने खोटं बोलावं. माझे पाय खरोखर जमिनीला लागले.

'हात वर केला,' मावशी म्हणाल्या.

'मारतायत?'

'मारतील कशाला. डोक्यावरनं फिरवतायत. असा.' त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात मागे नेला. 'कंगवा करतायत हो. केस कुठायत पण?' आत थेरपिस्ट काहीतरी म्हणाली, घाईने. 'आता दुसरं दाखवलं. बोटं अशी धरली आणि पिरगाळली. चावी फिरवली बघा. आणि ओढून बघतायत, लागलं का नीट ते.' मावशी काचेला नाक लावून उभ्या होत्या. 'आता छत्री. एका हातानंच उघडली. वर बघतायत, पाऊस किती आहे. अगं बाई, भिजले पण.' त्या हसल्या. आत थेरपिस्टही हसली आणि लगेच तिने हसू आवरलं, ते मला ऐकू आलं. बाबांना रंगमंचावर कुणी कधी पाहिलेलं नाही. नटांनी एकदा पडदा पडताना त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं होतं, तर ते हात सोडवून पळाले होते आणि घरी येऊन आईला म्हणाले होते, तिथे उजेड फार असतो. आता ते एका अनोळखी मुलीसमोर, निम्म्या शरीराने, गठ्ठ्यातलं एकेक चित्र वठवत होते आणि मावशी मला सांगत होत्या, चमचा, गरम होता वाटतं, तोंड भाजलं; घड्याळ, कानाशी धरलं. शब्द एकही येत नव्हता. मी ऐकत राहिले. मला माहीत नसलेल्या माणसाबद्दल ऐकावं तशी.

दार अर्धं उघडून थेरपिस्टने डोकं बाहेर काढलं. तिच्या कपाळावर घाम होता. 'नाव एकाचंही सांगता आलं नाही,' ती हळू म्हणाली. 'पण सोडलं एकही नाही. मी घेतेय त्यांना. दुपारी आमची गाडी येईल.' मी मान हलवली. 'शेवटचं एक चित्र राहिलंय, ते मी सोडून देते, दमलेत. तुम्ही या आत, तुम्हीच सांगा त्यांना.' ती परत आत गेली. मी उठले. दाराला हात लावला आणि आत पाऊल टाकलं. बाबा खुर्चीत पुढे झुकून बसले होते, तोंड उघडं, छाती वरखाली होत होती. शेवटचं चित्र त्यांनी तिच्या मांडीवरून स्वतःच उचललं होतं आणि माझ्याकडे त्याची कोरी बाजू होती. त्यांना मी आल्याचं कळलं. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलं नाही. चित्र मांडीवर ठेवून त्यांनी डावा हात वर केला, तळवा माझ्याकडे करून, आणि तो तसाच धरला. थेरपिस्टने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

मी पाऊल मागे घेतलं आणि दार सोडलं. ते सावकाश बंद झालं.

'काय झालं?' मावशींनी विचारलं.

'थांब म्हणाले,' मी म्हटलं.